आठव्या दरवाजाची साक्ष

१

पडद्यावर तीन ओळी उमटल्या आणि खोलीतली पाचही माणसं जागच्या जागी थिजली.

पहिली जागा : रिकामी.
दुसरी जागा : रिकामी.
तिसरी जागा : रिकामी.

रविवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, तेवढाच काय तो पाण्याचा आवाज आत येत होता. काटाबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. ओळी तशाच होत्या.

"कॅसेट काढून परत लाव," शंकासुर खेकसला.

"तीनदा लावली. तुमच्या डोळ्यांदेखत," नक्कल म्हणाली.

"मग चौथ्यांदा लाव!"

तिने चौथ्यांदा लावली. रिकामी, रिकामी, रिकामी.

भालदार मटकन खुर्चीत बसला आणि त्याने बोट उचललं ते थेट शंकासुराच्या छातीवर रोखलं. "याने पुसलं. अकरा वर्षं आमच्या द्वारपालाला खोटारडा म्हणून झालं, आता पुरावाच गिळून बसलाय हा!"

"तोंड सांभाळ, चमच्या! कॅसेटीत काही असेल तर पुसणार ना? तिथे आधीपासूनच शून्य होतं!"

दोन पन्नाशीचे पुरुष एकमेकांच्या अंगावर धावले. मधली तिपाई आडवी झाली. घराची मालकीण, वहिनी, दारात हाताची घडी घालून उभी होती. तिने तिपाई उचलली नाही आणि भांडणही सोडवलं नाही. ती एकटक काटाबाईंकडे बघत होती, आणि त्या नजरेत जी चीड होती तिचा अर्थ काटाबाईंना काही केल्या लागेना.

हे सगळे लोक एका खेळापायी इथे जमले होते. 'सात दरवाजे' हा तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम. तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली, तो ज्यावर चालायचा ते सेट भंगारात गेले, पण त्याच्यावर जीव टाकणाऱ्यांचा 'कडीकोयंडा' नावाचा इंटरनेटवरचा अड्डा मात्र बावीस वर्षं जिवंत होता. हजारभर नावं, त्यातली चारशे जागती, आणि रोज उठून भांडणारी पंधरा-वीस. तिथे लोक एकमेकांना टोपणनावानेच ओळखायचे. अड्ड्याची शिस्त सांभाळणाऱ्या नियंत्रक म्हणजे काटाबाई. वय अठ्ठावन्न, धंदा घड्याळं दुरुस्त करायचा. 'काटा' हे नाव त्यांनी घड्याळावरून घेतलं होतं, पण त्यांनी ज्यांना ज्यांना हाकललं होतं ते त्याचा दुसराच अर्थ काढत.

अड्डा काढला होता द्वारपालाने. खेळात दरवाजे सात, पण सातव्याच्या पलीकडच्या भिंतीत आठव्याची पुसटशी चौकट दिसते. ती कुणालाच कधी उघडता आली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी द्वारपालाने एक फोटो टाकला. आठवा दरवाजा, बोटभर उघडलेला. आत काय आहे ते त्याने सांगितलं नाही, आणि कसा उघडला तेही नाही. "ज्याचं त्याने शोधा," एवढंच. त्या दिवसापासून अड्ड्याचे दोन तुकडे पडले. निम्मे म्हणत खरं, निम्मे म्हणत थाप.

आठ महिन्यांपूर्वी द्वारपाल हृदयविकाराने गेला. जाताना वहिनीला, आपल्या बायकोला, सांगून गेला की, माझी कॅसेट कुणा एकाच्या हातात देऊ नकोस, सगळ्यांना बोलाव आणि सगळ्यांसमोर लाव. त्या कॅसेटीतच त्याचा जपलेला, म्हणजे तिथवर खेळून सेव्ह केलेला, खेळ होता, आठव्या दरवाजाच्या आत उभा असलेला.

आणि आता तिथे काहीच नव्हतं.

२

"गप्प बसा!" काटाबाई ओरडल्या. "कुणी घराबाहेर पडायचं नाही. वहिनी, कॅसेट कुठे ठेवली होती?"

"पत्र्याच्या डब्यात. कुलूप लावून. किल्ली माझ्या गळ्यात." वहिनीने साखळी बाहेर काढून दाखवली. "ह्या आठ महिन्यांत कॅसेट दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली नाही."

"कुणी येऊन गेलं?"

"हे आले होते," तिने शंकासुराकडे हनुवटी केली. "तीन आठवड्यांमागे. दहा मिनिटं बसले, चहा अर्धा टाकला, गेले. ही मुलगी मागच्या रविवारी आली. डबा मी माझ्या हाताने उघडला, तिने लांबून बघितलं. बस."

काटाबाईंनी पिशवीतून आपली हत्यारांची गुंडाळी काढली. हातावरच्या घड्याळांत आयुष्य गेलं होतं. शिलाईच्या सुईपेक्षा बारीक स्क्रू त्यांच्या बोटांना सवयीचे होते. डोळ्याला भिंग लावून त्यांनी कॅसेट उलटी केली. मागे तीन स्क्रू, विचित्र सहा कंगोऱ्यांच्या डोक्याचे, साध्या पेचकसाने न उघडणारे.

"कॅसेटीच्या आत बटणाएवढा सेल असतो," भिंग न हलवता त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागल्या. "जपलेला खेळ त्या सेलवर जगतो. सेल निघाला, क्षणभर जरी निघाला, तरी सगळं पुसलं जातं."

स्क्रू सुटले. झाकण उघडलं. सेल चकचकीत होता, त्याचे सोल्डरिंगचे डागही नवे होते, अजून काळे न पडलेले. आणि त्याच्या पाठीवर कारखान्याचा शिक्का होता चालू वर्षाचा.

"द्वारपाल गेला मागच्या वर्षी," नक्कल हळूच म्हणाली.

"हो. म्हणजे हा सेल त्याच्या मागे बदललाय." काटाबाईंनी एक स्क्रू चिमट्यात धरून उजेडात नेला. त्याच्या कंगोऱ्यात काहीतरी अडकलं होतं, खसखशीपेक्षाही बारीक. गुलाबी. कुठल्याही प्लॅस्टिकचा असतो तसला गुलाबी नव्हे. माणसाच्या हिरडीचा गुलाबी.

त्यांनी मान वर केली. शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तिथे लांबलचक टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडून ठेवले होते, घासायची मशीन होती, डब्यांत गुलाबी भुकटी होती. वहिनी घरीच कवळ्या बनवायची. शहरातले चार दंतवैद्य तिच्याकडे माप पाठवत.

"वहिनी," काटाबाई म्हणाल्या, "मेण कोरायच्या एखाद्या जुन्या हत्याराचं टोक घासून तुम्ही स्क्रूला बसेल असं केलंत. तुमच्याइतका हात कुणाचा बसणार? कॅसेट दुसऱ्या कुणी उघडलीच नाही. तुम्ही उघडलीत."

वहिनीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तांबडा झाला.

"उघडली! उघडली मी!" ती काटाबाईंवर धावूनच आली. "आणि आता चारचौघांत मलाच चोर ठरवताय? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! सेल बदला म्हणून तुम्हीच तर मला कळवलंत!"

३

वहिनीने टेबलाचा खण ओढला आणि एक कागद काटाबाईंच्या पुढ्यात आपटला. चौथाई पान, संगणकावर छापलेला मजकूर :

'वहिनी, कॅसेटमधला सेल जुना झाला आहे. तो संपला तर त्यांची सगळी मेहनत वाया जाईल. सोबतचा नवा सेल बसवून घ्या, तुम्हाला हे काम अवघड नाही. कुणाला सांगू नका, अड्ड्यावरचे लोक तुमच्यावर नाही ते आरोप करतील. माझ्याशीही फोनवर बोलू नका. काटा, नियंत्रक.'

"पोस्टाच्या पाकिटातून आला," वहिनी म्हणाली. "ह्याच कागदात सेल गुंडाळला होता, पत्र्याचे पाय जोडलेला, नुसता डाग देऊन चिकटवायचा बाकी. ह्यांच्या तोंडी कायम तेच असायचं, सेल गेला की सगळं गेलं. म्हणून म्हटलं, बाई कितीही खडूस असली तरी बरं सांगतेय. मला काय माहीत, बदलतानाच सगळं जातं म्हणून? तुम्ही माझ्या हाताने माझ्याच नवऱ्याचं पुसून घेतलंत!" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तिने तो आवरला आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिघं मेंबर आता काटाबाईंकडे बघत होते. शंकासुराला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "वा! कुंपणच शेत खातंय. बाई, पंधरा वर्षं तुम्ही मला सतरा वेळा बाहेर काढलंत. आता तुम्हाला कोण काढणार?"

"मी हे लिहिलेलं नाही."

"चोर असंच म्हणतो."

"मला पुसायचं असतं तर मी माझी सही ठोकून पुसलं असतं का रे, दीडशहाण्या? पंधरा वर्षं खोटं पकडण्यात गेली, एवढं ढोबळ खोटं मी बोलेन?" काटाबाईंनी कागद उचलला. वाचला नाही, नुसताच उजेडात धरला. त्यावर घड्या होत्या. त्या घड्या त्यांनी बराच वेळ न्याहाळल्या आणि कागद पर्समध्ये ठेवला. "मी प्रत्येकाशी वेगळं बोलणार आहे. ज्याला बोलायचं नाही त्याने आत्ताच कबूल व्हावं."

शंकासुर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला. "मी लिफ्ट दुरुस्त करतो. तसले पाय जोडलेले सेल आमच्या लिफ्टच्या सर्किटच्या पट्ट्यांत लागतात. माझ्या डब्यात ह्या घडीला पाच आहेत. घ्या, बसवा आरोप."

"वहिनींकडे कशाला आला होतास?"

तो नळाची तोटी उगाच पिळत राहिला. "माफी मागायला. तो मेल्यावर सुद्धा मी त्याला लबाड लिहिलं होतं. मग घशातून चहा उतरेना. माफी न मागताच निघालो." मग तो एकदम उसळला. "पण तो थापाच मारत होता! ती अकरा वर्षं मी रोज त्या भिंतीशी डोकं फोडलंय. तलवार, पहार, दारूगोळा, एकूण एक वीट ठोकून पाहिली. आज मला ते रिकामं बघायचं होतं, पण पुसून रिकामं केलेलं नव्हे, मुळातलं रिकामं! आता काय, मी उभा जन्म 'कदाचित' म्हणत काढू?"

नक्कल वऱ्हांड्यात बसली होती, मांडीवर कॅसेटींची नक्कल करायचं यंत्र. वय तिशीच्या आतलं. खेळ निघाला तेव्हा ही जन्मलीही नसेल. "दवाखान्यात दिवसभर लोकांची हाडं बघते," ती म्हणाली. "कुणी माझ्याशी बोलत नाही, 'श्वास रोखा' एवढंच मी बोलते. अड्ड्यावर निदान शिव्या देतात. मी आले ती जपायला, बाई. पुसलेल्याची नक्कल काढून काय करू?"

भालदाराने रुमालाने डोळे टिपतच बोलायला सुरुवात केली. तो औषधाच्या जुन्या दुकानात कंपाउंडर होता, आणि अड्ड्यावर त्याचा मान द्वारपालाच्या खालोखाल. कारण आठवा दरवाजा उघडला तेव्हा आपण द्वारपालाच्या शेजारी बसलो होतो असं त्याने लिहिलं होतं, आणि आत काय पाहिलं त्याचं साग्रसंगीत वर्णनही केलं होतं. नऊ पायऱ्या, निळ्या कमानी, सोन्याचं सिंहासन आणि त्यावर मुकुट. नवीन येणारा प्रत्येक जण आधी ते वाचायचा. कित्येकांना तोंडपाठ होतं.

"साक्षीदार होतो मी," तो म्हणाला. "आता माझ्या शब्दाखेरीज दुनियेपाशी काही उरलं नाही. केवढी जबाबदारी आली ही!"

"खरंय," काटाबाई म्हणाल्या. "सकाळी आल्या आल्या तू वहिनींना काय विचारलंस, आठवतंय?"

"काय विचारलं?"

"काही नाही. जा, बस."

शेवटी त्या कवळ्यांच्या खोलीत गेल्या. वहिनी एका जबड्यात दात बसवत होती. हात स्थिर होते, मानेवरची शीर तेवढी उडत होती.

"तुम्हाला मी आवडत नाही," काटाबाई म्हणाल्या.

"तुमच्यातलं कुणीच आवडत नाही. रोज संध्याकाळी तो तुमच्याशी भांडायला बसायचा. माझ्याशी भांडायलाही त्याला वेळ नसायचा."

"त्याने आतलं तुम्हाला दाखवलं होतं?"

"जायच्या दोन दिवस आधी. हाताला भुकटी लागलेली, तशीच गेले, चिडून." तिने दात खाली ठेवला. "एवढीशी खोली. एक खाट, भिंतीवर कंदील, आणि खाटेवर पाय सोडून बसलेला एक म्हातारा. आम्ही बघतोय तोवर त्याने जांभई दिली. मी म्हटलं, एवढ्यासाठी अकरा वर्षं? तर हे खो-खो हसले. इतके हसले की मीपण हसले."

काटाबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "सिंहासन नव्हतं?"

"कसलं सिंहासन?"

"तुम्ही अड्ड्यावरचं कधी काही वाचलंय?"

"माझ्या सवतीची पत्रं मी कशाला वाचू?"

४

काटाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर कॅसेटचे तीन स्क्रू होते.

"एक काम करा," त्यांनी तिघांना म्हटलं. "पुरावा म्हणून हे जपायचे आहेत. एकेक स्क्रू घ्या, कागद घ्या, आणि हरवणार नाही असा बांधून द्या. हाताला काम असलं की भांडणं कमी होतात."

नक्कलने कागद बाजूला सारला आणि स्क्रू सरळ प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला. शंकासुराने कागदाचा बोळा केला आणि चॉकलेटसारखी दोन्ही टोकं पिळली. भालदाराने कागद मांडीवर घेतला, काठ जुळवले, एक दुमड, दुसरी, तिसरी, चौथी, दोन्ही बाजू आत, आणि शेवटचं टोक खाचेत सरकवून टाकलं. नजर खाली नव्हतीच त्याची. क्षणात इवलीशी, चपटी, गोळ्यांच्या भुकटीची असते तशी पुडी तयार.

काटाबाईंनी ती पुडी उलगडली. पर्समधलं पत्र काढून तिच्या शेजारी ठेवलं. दोन्ही कागदांवरच्या घड्या रेघेला रेघ जुळत होत्या. सात घड्या, आणि एक कोपरा तिरका.

भालदार हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "पुड्या काय, कुणीही बांधतं."

"सात घडीची, खाचेत अडकवलेली? तुझ्या दुकानातली भुकटीची पुडी मीही घेतलीये. पण नुसत्या घड्यांवर मी कुणाला फासावर देत नाही. बस खाली." त्यांचा आवाज चढला नव्हता आणि म्हणूनच सगळे बसले. "पुसायचं कुणाला होतं? ज्याला आतलं दिसण्याची भीती होती त्याला. शंकासुराची समजूत अशी की आत काहीच नाही. त्याच्या दृष्टीने कॅसेट न पुसता लावली जाण्यातच त्याचा विजय होता. ही मुलगी नक्कल काढणारी, कोऱ्या कॅसेटीची काय करणार? वहिनींना पुसायचं असतं तर नवा सेल बसवण्याचा खटाटोप कशाला? खिडकीतून फेकली असती. राहिलो मी आणि तू. माझ्याबद्दल काय वाटेल ते म्हणा. पण सकाळी दारातून आत येताना तू वहिनींना विचारलंस, 'सेट कुठल्या खोलीत आहे?' ज्या खोलीत बसून तू दरवाजा उघडताना पाहिलास ती खोली तुला माहीत नव्हती?"

"घर बदललं असेल असं..."

"बावीस वर्षं ह्याच घरात आहोत," वहिनी दारातून म्हणाली. "सेट कधी हललेला नाही. आणि ह्या गृहस्थांना मी आज पहिल्यांदा बघतेय."

शंकासुर उभा राहिला होता. पण त्याच्या चेहऱ्यावरचा राग कुठे जावं ते न कळल्यासारखा भिरभिरत होता. "म्हणजे... द्वारपाल खोटं बोलत नव्हता?"

"नाही. दरवाजा त्याने उघडलाच होता. आत एक म्हातारा खाटेवर बसलेला आहे, सिंहासन नाही की मुकुट नाही. खोटं एकानेच लिहिलं होतं, आणि आज कॅसेट लागली असती तर पहिल्या क्षणाला उघडं पडलं असतं."

भालदाराने रुमाल घडी करून खिशात ठेवला. आता डोळ्यांत पाणी नव्हतं. "त्याने फोन केला होता मला," तो कडवट आवाजात म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात. म्हणे, मी सगळ्यांसमोर लावायला सांगणार आहे, त्याआधी तूच कबूल हो. अकरा वर्षं गप्प बसला! का, माहितीये? म्हणाला, तू सिंहासनाचा चुकीचा पत्ता देत होतास म्हणून खरी खोली शांत राहिली. वापरलं मला त्याने!"

"आणि तू वहिनींना वापरलंस."

"मग काय करणार होतो? तुम्ही सगळे माझं सिंहासन बघायला येत होतात! नवीन माणूस आला की कुणाचं वाचायचा? द्वारपालाचं? त्याने अकरा शब्दसुद्धा लिहिले नाहीत. चारशे माणसं मी धरून ठेवली, मी! खाटेवरच्या थेरड्यासाठी कोण थांबलं असतं?"

वहिनी आत गेली आणि बाहेर आली ती त्याची पिशवी घेऊन. तिने ती उंबऱ्याबाहेर टाकली. "माझ्या हाताने पुसून घेतलंत तुम्ही ते," ती म्हणाली. "ह्याच हाताने मारेन, त्याच्या आत चालते व्हा."

तो गेला. जाताना फाटकही लावलं नाही.

५

भालदार गेला म्हणून कुणाला बरं वाटलं असंही झालं नाही. शंकासुर पडद्याकडे बघत तसाच बसून राहिला.

"जन्मभर त्याला लबाड म्हटलं," तो म्हणाला. "आणि तो कसा उघडायचा ते घेऊन गेला. वहिनी, त्या दिवशी दाखवलं तेव्हा तो कुठलं बटण दाबत होता? हात कुठे होते त्याचे?"

"हात?" वहिनी वैतागून म्हणाली. "हात धुऊन ताटावर होते. सेट चालू टाकून जेवायला आलेला. मी नेहमीसारखी ओरडले, बंद करून ये म्हणून. तर म्हणे, आज हात लावायचा नाही. जेवण झालं, वर गप्पा मारत बसला, कधी नव्हे ते. तासाभराने मी कामाला बसले, तर तसंच उठवून मला आत घेऊन गेला."

काटाबाई आणि शंकासुर एकमेकांकडे बघतच राहिले.

"हात लावायचा नाही," शंकासुर पुटपुटला. "अरे हलकटा! मी अकरा वर्षं ती भिंत ठोकतोय!"

नक्कलच्या पिशवीत तिची स्वतःची कॅसेट होती, सातव्या दरवाजाशी येऊन थांबलेली. ती लावली. भिंत आली, तिच्यातली पुसट चौकट आली. शंकासुराची बोटं सवयीने कंट्रोलरकडे गेली. काटाबाईंनी त्याच्या मनगटावर फटका मारला आणि कंट्रोलर शेजारच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांमध्ये नेऊन ठेवला.

मग चार माणसं बसून राहिली. ज्यांनी आजवर एकमेकांना धड एक चांगला शब्द दिला नव्हता त्यांना समोरासमोर बसून काय बोलावं सुचेना. वीस मिनिटांनी शंकासुर म्हणाला की हे शुद्ध मूर्खपणाचं आहे. काटाबाई म्हणाल्या, तुझ्यापेक्षा कमी. पस्तिसाव्या मिनिटाला वहिनीने पाव आणि चहा आणला, तो इतक्या जोरात ठेवला की बशा खणाणल्या. नक्कलने विचारलं, ते कसे होते. वहिनी म्हणाली, घोरायचा. आणि मग, विचारलं नसताना, आणखी बरंच सांगितलं.

एक तास बारा मिनिटं झाली होती, काटाबाई मनगटावर वेळ मोजत होत्या, तेव्हा भिंतीतली चौकट सरकली.

एवढीशी खोली. खाट. कंदील. म्हाताऱ्याने मान वर केली, जांभई दिली, आणि त्याच्या डोक्यावर एक ओळ उमटली : 'आलास? बस.'

शंकासुराने तोंडावर हात दाबून धरला. नक्कलने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं होतं.

दुपारी ते अड्ड्यावर चढवलं. काटाबाईंनी भालदाराला कायमचं बाहेर काढलं, पण त्याचा लेख पुसला नाही. वर एक ओळ घातली की हे सगळं खोटं आहे, आणि खाली स्वतःची सही केली. चार वाजेपर्यंत सहा-सात वर्षं गायब असलेली माणसंही उगवली. कुणी म्हणालं चित्रफीत बनावट आहे. कुणी म्हणालं सिंहासनच बरं होतं, परत द्या. शंकासुराने उघड माफी लिहिली, तर तिच्याखाली साठ जणांनी त्याला धारेवर धरलं. 'बोका' नावाच्या एकाने लिहिलं की द्वारपाल मुळात ढोंगी माणूस, त्याला घरीसुद्धा कुणी विचारत नसणार.

वहिनी नक्कलच्या खांद्यावरून वाचत होती. तिने चष्मा लावला.

"ह्याला उत्तर कसं द्यायचं?"

"आधी नाव घ्यावं लागतं," नक्कल म्हणाली. "टोपणनाव."

वहिनीने खुर्ची ओढून घेतली, हिरडीच्या भुकटीने माखलेलं एक बोट पुढे केलं आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं : कवळी. मग बाह्या सरसावल्या आणि लिहिलं :

'ए बोक्या. इकडे ये. दात मोजते तुझे.'